बावीस गाड्या आणि एक तुटकी क्लच वायर: मदत-राईडमध्ये गाडी बंद पडली तर

गाडी बंद पडली की पहिली चूक गाडीवाला करत नाही. बाकीचे एकवीस जण करतात. ते थांबतात.

काही वर्षांपूर्वीचा जूनमधला एक रविवार. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेसाठी वह्या घेऊन आम्ही मुलुंडहून दुचाकींवर निघालो होतो. राजनोली मागे टाकून पडघ्याच्या दिशेला लागलो आणि मधल्याच एका गाडीची क्लच वायर, म्हणजे हँडलवरच्या क्लचच्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणारी तार, तुटली. तो थांबला म्हणून मागचे दोघं थांबले. ते आरशात दिसेनात म्हणून पुढचे सहा थांबले. पाच मिनिटांत नाशिक महामार्गाच्या कडेला बावीस गाड्या आणि तीसेक माणसं, त्यातली निम्मी रस्त्याकडे पाठ करून गप्पा मारत उभी. वरून पाऊस आणि शेजारून कंटेनर. एक ट्रक इतक्या जवळून गेला की माझ्या रेनकोटची बाही फडफडली. वायर बदलायला पंधरा मिनिटं लागली, सगळ्यांना पुन्हा गाडीवर बसवायला पाऊण तास.

त्या दिवसापासून मी सगळ्यात शेवटी चालते. ग्रुपात याला स्वीप म्हणतात. पोरं मला झाडूताई म्हणतात, ते मी चालवून घेते. खाली लिहिलंय ते शेवटी चालता चालता जमलेलं आहे. दहा ते तीस गाड्या, शंभर ते साडेतीनशे सीसीच्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या, आणि रविवारी शहापूर, मोखाडा, कर्जत नाहीतर पेणला काहीतरी पोचवायला निघालेल्या, अशा राईडसाठी.

वजनापासून सुरुवात

नुसत्या फिरण्याच्या राईडमध्ये आणि मदतीच्या राईडमध्ये यांत्रिकदृष्ट्या एकच फरक असतो: मागे बांधलेलं सामान. वह्या दिसायला लहान, पण दोनशेपानी लाँगबुकांचं एक डझन काट्यावर तीन किलोच्या वर भरतं. दहा डझन म्हणजे तीस-पस्तीस किलो. एक शाळकरी मूलच मागे बसलंय असं समजा, फरक इतकाच की हे मूल वळणावर अंग झुकवत नाही. त्यात मागे खरा माणूसही बसला की मागचा टायर, मागचे शॉकॲब्सॉर्बर, चेन आणि क्लच या चौघांवर एकदम भार येतो. राईडमध्ये जे बिघडतं ते बहुतेक या चौघांपैकीच.

म्हणून आमचा नियम: डबलसीट गाडीवर सामान नाही, आणि सामानाच्या गाडीवर डबलसीट नाही. गठ्ठे दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली. मेणकापडात गुंडाळून मग पोत्यात घालायचे, कारण जूनमध्ये रेनकव्हर नावाच्या वस्तूवर माझा विश्वास नाही. दोरीची मोकळी टोकं आत खोचा. ती चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेली तर चाक जागच्या जागी अडकतं.

टायरमधली हवा भाराप्रमाणे भरा. चेनच्या कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. सामान असेल तर डबलसीटचा आकडा धरायचा, आणि हवा टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावरच भरायची. चेनचं ढिलेपण बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात पाहा. इथे लोक हौसेने चेन ताणून घेतात. मग वजन पडलं, मागचं चाक वर-खाली झालं की ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर येते. थोडी सैल चेन आवाज करते, ताणलेली चेन मुकाट्याने नुकसान करते.

तपासणी शनिवारी रात्री ठेवू नका. बुधवारी नाहीतर गुरुवारी ठेवा, म्हणजे पार्ट आणायला दिवस मिळतो. आणि सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी थेट राईडला काढायची नाही. नट ढिला राहिलाय, ब्रेक घासतोय, पाईप नीट बसलेला नाही, हे सगळं पहिल्या पन्नास किलोमीटरात बाहेर येतं. ते पन्नास किलोमीटर ऑफिसच्या रस्त्यावर काढा.

फलकांचं एक सांगते. एका वर्षी कुणीतरी उत्साहाने प्रत्येक टाकीवर उपक्रमाचं नाव छापलेलं प्लॅस्टिक गुंडाळलं, थेट झाकणावरून. एक कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी दर दहा-बारा किलोमीटरला खोकत खोकत बंद पडायला लागली. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. तिसऱ्या वेळी मी झाकण उघडलं तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसं वरून हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल खाली उतरत नाही. झाकणातलं भोक प्लॅस्टिकने बुजलं होतं. तेव्हापासून आमचा फलक फक्त राईडसोबतच्या टेम्पोवर असतो.

पिशवीत काय, आणि कुणाच्या

प्रत्येकाने सगळं घ्यायचं नाही. प्रत्येकाकडे स्वतःच्या गाडीची क्लच वायर, एक-दोन फ्यूज, स्पार्क प्लग आणि गाडीसोबत आलेला टूलकिट असला की पुरे. तो टूलकिट उघडून पाहा, निम्म्यांच्या गाडीत तो नसतोच. ट्यूबवाली गाडी असेल तर मागच्या चाकाची एक ट्यूबही घ्या.

सामाईक पिशवी स्वीपकडे. माझ्या पिशवीत आठ ते चोवीसचे पाने, ॲलन की, पकड, दोन्ही तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, ट्यूबलेस पंक्चरचा किट, बॅटरीवर चालणारा छोटा पंप, बॅटरीला बॅटरी जोडायच्या वायरी, दोन मापांची चेन लॉकं (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), इन्सुलेशन टेप, बायंडिंग वायर, प्लॅस्टिकचे टाय आणि चिरा-भोकं बुजवायला एम-सील असतं. शिवाय डोक्याला लावायची टॉर्च, चमकणारी दोन जाकिटं, जुना टॉवेल आणि गोणपाट. गोणपाट चिखलात गुडघे टेकायला लागतं. पहिल्या वर्षी माझ्याकडे ते नव्हतं.

कोण थांबणार हे आधीच ठरवा

वीस गाड्यांचा एक घोळका करू नका. सहा-सात गाड्यांचे तीन गट करा, दोन गटांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटाला पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस. सगळ्या राईडच्या मागे स्वीप, आणि त्याच्याही मागे टेम्पो.

निघताना उभ्या उभ्या एकच गोष्ट तीनदा सांगायची: कुणाची गाडी बंद पडली तर त्याच्या गटातला फक्त शेवटचा थांबेल. बाकीच्यांनी पुढच्या ठरलेल्या जागी जायचं. ठरलेल्या जागा म्हणजे पेट्रोल पंप नाहीतर मोठ्या आवाराचा ढाबा. महामार्गाची कडा नाही. आमच्या रस्त्याला पडघा, शहापूर आणि खर्डी अशा तीन जागा असतात. तिथे मोजणी होते आणि चहा होतो.

‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो’ असं बंद गाडीचा मालक हटकून म्हणतो. त्याला लाज वाटत असते. ते ऐकायचं नाही. एकटं कुणीही मागे राहायचं नाही, पण दोघांच्या वर तिसराही नको.

टेम्पोवाल्याशी रस्ता बोलून घ्या. कर्जत-खोपोलीकडे जाताना तो सवयीने मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर चढतो. तिथे दुचाकींना बंदी आहे. तुमची गाडी जुन्या हायवेवर चौक गावापाशी बंद पडलेली असते आणि मदतीचा टेम्पो भलत्याच रस्त्याने पुढे निघून गेलेला असतो. अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, समृद्धी या रस्त्यांवरही दुचाकी चालत नाहीत, त्यामुळे मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडूनच रस्ता सगळ्यांना पाठवा. कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळ्याकडे वळलं की फोनची रेंज जात-येत राहते. तिथे ‘फोन करतो’ हा बेत चालत नाही. ‘पंधरा मिनिटांत मागचा आला नाही तर एक जण उलटा फिरेल’ हा चालतो.

गाडी थांबली: पहिली पाच मिनिटं

इंजिन बंद पडलं तरी गाडी काही अंतर घरंगळते. तेवढ्यात क्लच दाबा, डावा इंडिकेटर द्या आणि पांढऱ्या रेषेच्या बाहेर, जितकं डावीकडे जाता येईल तितकं जा. पूल, वळण, उड्डाणपुलाचा उतार, इथे थांबून दुरुस्ती करायची नाही. खारेगावच्या खाडीपुलावर गाडी गेली तर रेषेच्या डावीकडून, कठड्याला चिकटून, ढकलत पूल संपवायचा. दमछाक होते, होऊ द्या.

मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून पन्नासेक पावलं मागे झाडाची मोठी फांदी टाकतात. ती आपल्याकडची जुनी, सगळ्यांना कळणारी खूण आहे. फांदीबरोबर दगडही ठेवतात, ते नका ठेवू. दुरुस्ती झाली की लोक निघून जातात आणि रात्री त्याच दगडावर दुसरा दुचाकीवाला पडतो. फांदीसुद्धा आठवणीने काढायची. चमकणारं जाकीट घाला, गाडीचे दिवे चालू ठेवा. बॅटरीचाच घोळ असेल तर सोबतच्या गाडीचे. काम करणारा गाडीच्या डाव्या बाजूला बसेल, दुसरा रस्त्याच्या बाहेर उभा राहून मागून येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवेल. तो मोबाईल बघत असेल तर त्याचा उपयोग नाही.

माणूस पडला असेल तर गाडी बाजूला राहू दे. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरूनही मदत मिळते, क्रेनसुद्धा. मानेला मार लागल्याची शंका असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकवतात ही भीती लोकांच्या मनातून अजून जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम आलं, त्यात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

चालू का होत नाही?

आता कबुली. एकदा खर्डीजवळ एक नवीकोरी गाडी बंद पडली. चौघांनी चार निदानं केली: पेट्रोलमध्ये पाणी, पंप गेला, सेन्सर गेला, ‘ही इंजेक्शनवाली गाडी आहे, कंपनीतच न्यायला लागेल’. मी सीट काढली, फ्यूज पाहिले, बॅटरीचे नट आवळले. चाळीस मिनिटांनी रस्त्याने चाललेल्या एका शाळकरी पोराने विचारलं, “ताई, ते लाल बटन असंच असतं का?” रेनकोटची बाही लागून किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं ते लाल बटन, दाबला गेला होता.

म्हणून क्रम पाठ करा, आणि कितीही जाणते असलात तरी पहिल्या पायरीपासून चला.

१. किल स्विच. साईड स्टँड पूर्ण वर आहे का? बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर गियर टाकताच इंजिन बंद होतं, आणि पावसात त्या स्विचवर चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला ते कळत नाही. पाण्याने धुवा, हाताने दोन-चारदा वर-खाली करा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का?

२. पेट्रोल. टाकी हलवून आवाज ऐका, काट्यावर विसंबू नका. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असेल तर रिझर्व्हवर घ्या. झाकण उघडून फुस्स होतं का पाहा.

३. सेल्फ मारा आणि कान द्या. नुसतं ‘टक-टक’ आलं तर बॅटरी बसली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे, आधी टर्मिनल आवळा. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर मुख्य फ्यूज. फ्यूज तितक्याच ॲम्पियरचा घाला. जादा फ्यूज बहुतेक वेळा त्याच डबीत ठेवलेला असतो. तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी लावून देणारा हुशार प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, त्याला लांब ठेवा. वायरिंग जळलं तर गाडी टेम्पोतच जाते.

४. इंजिन फिरतंय पण पेटत नाही. इंजेक्शनवाली गाडी असेल तर, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी जवळपास सगळ्या, चावी फिरवल्यावर दोन सेकंद टाकीच्या बाजूने बारीक ‘सूं’ ऐकू आलं पाहिजे. तो टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा आवाज. नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि जोड पाहा. आला तर प्लगकडे वळा.

५. पावसात प्लगच्या टोपीत पाणी शिरतं. इंजिनला हात भाजेल, टॉवेल वापरा. टोपी ओढून काढा, आतून-बाहेरून कोरडी करा, घट्ट बसवा. निम्म्या वेळा गाडी इथेच चालू होते. प्लग काढला आणि तो काळा, ओला निघाला तर नवा घाला. टोपी मोकळी लटकत ठेवून सेल्फ मारायचा नाही, इंजेक्शनवाल्या गाडीत त्याने कॉईलला आणि कंट्रोलरला धोका असतो.

धक्का मारायची हौस सगळ्यांना असते. कार्ब्युरेटरवाली गाडी धक्क्याने चालू होते. इंजेक्शनवाल्या गाडीत बॅटरी पार मेलेली असेल तर पंपच चालत नाही, तुम्ही कसाऱ्यापर्यंत ढकलत न्या. तिला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडा: आधी लाल टोकाला लाल, मग काळी वायर चांगल्या बॅटरीपासून बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. देणाऱ्या गाडीचं इंजिन बंद.

पाण्यात बुडून बंद पडलेल्या गाडीचं वेगळं आहे. सखल रस्त्यावर सायलेन्सरच्या वर पाणी जाऊन इंजिन थांबलं असेल तर सेल्फ मारूच नका, धक्काही नको. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबायला जातो, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून सावकाश किक मारा, पाणी बाहेर येऊ द्या. किक नसेल तर वरच्या गियरमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ऑईलच्या काचेत दुधी चहाचा रंग दिसला तर त्या गाडीची राईड तिथेच संपली.

क्लच वायर

हिच्यावर जास्त लिहिते, कारण महामार्गापेक्षा मुंबईची ट्रॅफिक तिला मारते. माजिवड्यापासून माणकोलीपर्यंत जॅम असेल तर तासाभरात शेकडो वेळा लिव्हर दाबला जातो. वायर एकदम तुटत नाही. लिव्हरच्या आत वायरच्या टोकाला एक गोटी असते, ती आपल्या खाचेत फिरायला हवी. ग्रीस सुकलं की ती फिरत नाही आणि गोटीच्या मानेशी वायर दर वेळी वाकते. एकेक बारीक तार तुटत जाते. लिव्हर दाबताना बोटांना किंचित करकर जाणवते, क्लच रोजच्यापेक्षा खालून सुटायला लागतो. रबर सरकवून पाहिलं तर गोटीशी तारांची दाढी फुटलेली दिसते. दाढी दिसली की वायर घरीच बदला.

सगळ्यात सोपा उपाय आधीच करायचा. नवी वायर जुन्या वायरीच्या शेजारून, त्याच वाटेने नेऊन टायने बांधून ठेवा, दोन्ही टोकांना प्लॅस्टिक गुंडाळा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, पाच-सात मिनिटांचं काम.

तसं केलेलं नसेल तर: लिव्हरकडचा आणि इंजिनकडचा असे दोन्ही ॲडजस्टर पूर्ण ढिले करा. लिव्हरकडचा ॲडजस्टर आणि त्याची चकती फिरवून दोघांच्या खाचा एका रेषेत आणा, वायर त्यातून बाजूला निघते. खालचं टोक इंजिनच्या दांडीतून सोडवा. जुनी वायर ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला नवी वायर टेपने जोडा, म्हणजे जुनी ओढत गेलात की नवी आपोआप टाकीखालच्या बरोबर वाटेने येते. इथे घाई करणारे मग टाकी उघडत बसतात. गोटीला ग्रीस लावा, नसेल तर चेनचं ऑईल चालेल. दोन्ही टोकं बसवून ॲडजस्टर असा आवळा की लिव्हरचं टोक साधारण एक ते दीड सेंटिमीटर रिकामं हललं पाहिजे. शेवटी गाडी चालू करा, न्यूट्रलमध्येच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळवताना लिव्हर ताणला गेला तर वायर कुठेतरी अडकली आहे.

जवळ वायरच नसेल तर क्लचशिवाय गॅरेजपर्यंत जाता येतं, पण हे रिकाम्या रस्त्यावर, बिनसामानाच्या गाडीवर आणि हात बसलेल्या माणसानेच करायचं. सामान आधी उतरवा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून दोघांनी ढकलायचं, वेग आला की पहिला गियर हलकेच टाकायचा. पुढचे गियर रेस सोडता सोडता पायाने टाकले की बसतात. थांबायच्या आधीच न्यूट्रल शोधायचं. पडघ्यापाशी त्या दिवशी आम्हाला हे करावं लागलं नाही, कारण गाडीवाल्याच्या सीटखाली नवी वायर होती. ती आहे हे त्याला दहा मिनिटांनी आठवलं.

जॅममध्ये जळका, आंबट वास येऊन गाडी रेस घेते पण पळत नाही, असं झालं तर वायर नव्हे, क्लचप्लेटा तापल्या आहेत. अर्धा क्लच दाबून रांगायची सवय, त्यात तीस किलो वह्या. वीस मिनिटं थंड होऊ द्या, वायर फार ताणलेली नाही ना पाहा, सामान दुसऱ्या गाडीवर टाका.

पंक्चर

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला की लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर हवा भरून सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा, खिळाच बूच म्हणून काम करतो. भसकन जात असेल तरच किट काढा: खिळा ज्या कोनात शिरलाय तो लक्षात ठेवा, त्याच कोनात कानशीसारखी सळई चार-सहा वेळा आत-बाहेर करून भोक खरवडा, पट्टी सुईत ओवून सोल्युशन लावा, आत दाबा, दोन्ही टोकं बाहेर बोटाच्या पेराएवढी राहिली की सुई झटक्यात ओढा. जादा टोक कापा, थुंकी लावून बुडबुडा पाहा. हे फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर चालतं. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर पट्टी लावून सामानाची गाडी चालवू नका.

ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक रस्त्याच्या कडेला खोलणं हे मी आता करत नाही. एक जण चाक किंवा ट्यूब घेऊन पंक्चरवाल्याकडे जातो. महामार्गाला खांबावर जुना टायर टांगलेला दिसला की दुकान आलं. तिथे समोर उभं राहा. ट्यूब पाण्यात बुडवली की किती भोकं आहेत ते तेव्हाच विचारा, नंतर नको. तीन भोकं निघाली तर सोबतची नवी ट्यूब घाला. आणि टायरच्या आतून स्वतः बोट फिरवा, सावकाश, कारण टोचतं. खिळ्याचं तुटलेलं टोक आतच राहिलं तर नवी ट्यूबही अर्ध्या तासात बसते.

चेन तुटली तर लॉक घालून जोडता येते. लॉकच्या चिमट्याची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. उलटं घातलं तर ते उडून जातं. घाट उतरताना ब्रेकचा लिव्हर मऊ, स्पंजासारखा लागला तर ब्रेक ऑईल उकळलंय. खालच्या गियरमध्ये इंजिनच्या जोरावर वेग कमी करा, थांबा, डिस्कवर पाणी न ओतता थंड होऊ द्या, आणि घरी गेल्यावर ऑईल बदला.

वीस मिनिटं

स्वीप पोचल्यापासून वीस मिनिटं. तेवढ्यात गाडी चालू झाली नाही, किंवा नेमकं काय झालंय ते कळून हातात पार्ट नसला, तर दुरुस्ती थांबवायची. ही वेळ मी घड्याळात लावते, कारण ‘आता होतच आलंय’ हे वाक्य दोन तास पुरतं. सामान टेम्पोत, माणूस दुसऱ्याच्या मागे, जादा हेल्मेट टेम्पोत असतंच. शाळेतली पोरं जेवणाआधी वाट बघत पडवीत बसलेली असतात, त्यांना कुणाची वायर तुटली याच्याशी घेणं नाही.

गाडी टेम्पोत चढवायची तर आठ फुटांची जाड फळी आणि चार माणसं लागतात. इंजिन बंद, एक जण ब्रेक सांभाळणार. आत गाडी सरळ उभी, पहिल्या गियरमध्ये, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकलेलं. पट्टे पुढच्या फोर्कच्या खालच्या जोडाला दोन्हीकडून ओढायचे, शॉकॲब्सॉर्बर अर्धे दबेपर्यंत. हँडलच्या टोकांना बांधलेली गाडी शहापूरच्या आतच आडवी होते. दोरीने टोचन करून नेणं, किंवा दुसऱ्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेणं, हे महामार्गावर आम्ही करत नाही.

टेम्पो भरलेला असेल तर गाडी ठेवून द्या. पेट्रोल पंपावर मॅनेजरला सांगून, कॅमेऱ्यासमोर, हँडल लॉक करून. नंबरप्लेट आणि किलोमीटरसह फोटो काढा. कसारा मार्गाचा एक फायदा असा की महामार्ग आणि रेल्वे बराच काळ जवळजवळ चालतात: वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. गाडी स्टेशनच्या पार्किंगला लावून मालक लोकलने घरी येऊ शकतो, नाहीतर मेस्त्री लोकलने तिकडे जाऊ शकतो. आमचा भांडुपचा मेस्त्री एकदा सोमवारी सकाळी पिशवीत क्लचप्लेटा घेऊन आसनगावला उतरला होता. कसाऱ्याच्या गाड्या कमी असतात, वेळ पाहून निघा.

विम्यात रस्त्यावरच्या मदतीचा भाग घेतला आहे का ते प्रत्येकाने आधी पाहावं आणि तो नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. फोन भिजतो, कागदही भिजतो, पण कागद वाळतो.

पैशांचं एक. वह्यांसाठी आलेल्या वर्गणीतून पंक्चरचे शंभर रुपयेसुद्धा द्यायचे नाहीत, नंतर परत टाकू असं म्हणूनही नाही. राईडसाठी माणशी वेगळी वर्गणी काढा, वेगळ्या पाकिटात ठेवा. ज्याची गाडी त्याचा पार्ट, टेम्पोचा जादा फेरा सगळ्यांचा, हे निघायच्या आधी बोलून ठेवा. शाळेच्या पायरीवर हिशेबावरून झालेली वादावादी मी पाहिली आहे.

परतीला मुलुंडच्या नाक्यावर मी पुन्हा डोकी मोजते. मग घरी येऊन ओली पिशवी बाल्कनीत उलटी करते, पाने पुसते, आणि काय संपलं ते फ्रिजवर लिहून ठेवते. या वर्षी लिहिलंय: पंक्चरच्या पट्ट्या, एक चेन लॉक, गोणपाट.